तिकिटाची पूर्ण किंमत आधीच दाखवा : अमेरिकेतला नवा नियम आणि आपले अनुभव

हडसनकाठ

१२ मे २०२५ पासून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकांची फसवणूक रोखणारा सरकारी आयोग, पुढे एफटीसी म्हणते) एक नियम लागू झालाय आणि इथे त्यावर कुणी काहीच लिहिलेलं दिसलं नाही म्हणून धागा काढतेय. नियम असा की गाण्याचा कार्यक्रम असो, नाटक असो, मॅच असो, तिकीट विकणाऱ्याने किंमत दाखवायची तर सगळे सक्तीचे आकार धरून एकूण रक्कम दाखवायची, आणि तीसुद्धा बाकीच्या आकड्यांपेक्षा ठळक. सर्व्हिस फी, फॅसिलिटी फी, प्रोसेसिंग फी अशी कुठलीही नावं द्या, माणसाला जी टाळताच येत नाही ती रक्कम पहिल्या आकड्यात आलीच पाहिजे. सरकारी कर आणि तिकीट घरपोच पाठवायचा खर्च तेवढा वेगळा ठेवता येतो, पण तोही पैसे भरायच्या आधी सांगायचा. हॉटेल आणि थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांनाही हाच नियम आहे.

फी किती लावावी यावर मात्र काही बंधन नाही, हे आधीच सांगते, कारण ओळखीत बऱ्याच जणांचा समज झालाय की आता फी बंद झाली. बंद झालेली नाही, फक्त लपवता येत नाही.

मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. आम्ही न्यू जर्सीत राहतो, कार्यक्रम कधी इथे तर कधी नदीपलीकडे न्यूयॉर्कला. न्यूयॉर्क राज्याने स्वतःचा कायदा आधीच केला होता, २९ ऑगस्ट २०२२ पासून तिथे तिकीट निवडायच्या आधी पूर्ण किंमत दाखवणं बंधनकारक आहे, त्यातली फी किती तेही डॉलरमध्ये वेगळं दाखवायचं, आणि खरेदी चालू असताना तो आकडा वाढता कामा नये. घरच्या प्रिंटरवर तिकीट छापायचे पैसे लावायलाही मनाई. त्यामुळे मधली दोन-अडीच वर्षं असं चाललं होतं की एकाच साइटवर न्यूयॉर्कच्या शोची किंमत पूर्ण दिसायची आणि आमच्या राज्यातल्या शोची अर्धवट. यादीत जर्सीचं तिकीट स्वस्त दिसायचं म्हणून त्यावर क्लिक करायचं, खुर्च्या निवडायच्या, मग वर कोपऱ्यात उलटं घड्याळ सुरू व्हायचं, नाव पत्ता ईमेल कार्ड सगळं भरून झालं की शेवटच्या पानावर "एकूण" च्या शेजारी एक छोटा बाण, तो दाबला की मग आत फीच्या दोन ओळी उघडायच्या. तेव्हा घड्याळात दीड-दोन मिनिटं उरलेली असतात, मुलगी शेजारी बसून बघत असते, मागे फिरावं तर खुर्च्या जातात. अशा वेळी कोण शांतपणे हिशेब करणार? आणि कंपनीला नेमकं तेच हवं असतं.

बाकीच्या राज्यांत आणि देशांत काय परिस्थिती आहे ते जाणकारांनी लिहावं. भारतातलं वाचायला जास्त आवडेल.

थेट_बोलतो

चांगला विषय, पण माझं मत वेगळं आहे. आधी ८० + ३० दाखवत होते आता ११० दाखवतात, माझ्या खिशातून जायचे ते ११० च गेले ना? सरकारने काहीतरी केल्यासारखं दाखवलं एवढंच. खरा इलाज म्हणजे फीवर मर्यादा घाला, दहा टक्क्यांच्या वर घेता येणार नाही म्हणा. ते करायची कुणाची तयारी नाही, कारण मोठ्या कंपन्या दुखावतात.

मिनेसोटा_मावशी

हडसनकाठ, छान लिहिलंस. आमच्या मिनेसोटा राज्याची गोष्ट सांगते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या तिकिटांचा जो गोंधळ झाला, तिकिटं विकणाऱ्या टिकिटमास्टर कंपनीची साइट कोलमडली, लोक तासन् तास रांगेत आणि हातात काही नाही, तो सगळ्यांना आठवत असेल. आमच्या विधानसभेतल्या एक सदस्य केली मोलर त्याच रांगेत अडकलेल्या होत्या, त्यांनी पुढे विधेयक आणलं. त्याचा क्रमांक घेतला १९८९, टेलरचं जन्मवर्ष. ७ मे २०२४ ला गव्हर्नर वॉल्झ यांनी मिनियापोलिसच्या फर्स्ट अॅव्हेन्यू या गाण्याच्या कार्यक्रमांच्या जुन्या जागेत जाऊन त्यावर सही केली, आणि १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू. पूर्ण किंमत आधी दाखवायची हे तर त्यात आहेच, शिवाय जे तिकीट हातात नाही ते विकायला काढायचं नाही, हेही आहे. हा दुसरा भाग मला जास्त आवडला, कारण दलाल लोक आधी विकून मोकळे होतात आणि मग तिकीट शोधायला निघतात, नाही मिळालं की ऐन वेळी ईमेल, सॉरी म्हणून.

आमच्या सोसायटीतल्या कॉलेजच्या पोरी विधेयकाच्या बातम्या एकमेकींना पाठवायच्या, त्यातल्या दोघी-तिघींनी आपल्या भागातल्या आमदाराला पत्रंसुद्धा लिहिली. एरवी यांना राजकारण म्हणजे कंटाळा.

आकडेमोड

>>माझ्या खिशातून जायचे ते ११० च गेले ना?>>

थेट_बोलतो, इथेच गफलत आहे. ते ११० च राहत नाहीत, आणि यावर चांगला प्रयोग झालेला आहे.

स्टबहब ही तिकिटं पुन्हा विकण्याची मोठी साइट. २०१४ च्या सुरुवातीला त्यांनी आपणहून पूर्ण किंमत दाखवायला सुरुवात केली, कुणी सक्ती केलेली नव्हती. पुढे २०१५ मध्ये त्यांनी ग्राहकांचे दोन गट पाडून बघितलं, एका गटाला फी धरून किंमत, दुसऱ्या गटाला फी शेवटच्या पानावर. चार अर्थतज्ज्ञांनी तो डेटा तपासून पेपर लिहिला. ज्यांना फी शेवटी दाखवली त्यांनी जवळपास २१ टक्के जास्त पैसे खर्च केले, आणि खरेदी पूर्ण करण्याचं प्रमाणही त्यांच्यात सुमारे १४ टक्क्यांनी जास्त होतं. म्हणजे दोन गोष्टी घडतात, जे एरवी घेतलंच नसतं ते लोक घेतात, आणि जे घेणारच होते ते आणखी महाग खुर्ची घेतात, कारण निवडताना सगळंच स्वस्त दिसत असतं. हे सगळं नवख्यांच्याच बाबतीत होतं असंही नाही, आधी खरेदी केलेल्यांवरही परिणाम होताच.

आता यातला मुख्य मुद्दा. स्टबहबने मग काय केलं? फी परत शेवटच्या पानावर नेली. बाकीच्या साइट अर्धवट किंमत दाखवत असताना पूर्ण किंमत दाखवणारी एकटी साइट महाग दिसते, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि तिथे जाऊन तेवढेच किंवा जास्तच पैसे देतं. खरं बोलणाऱ्याचाच तोटा. म्हणून हे "कंपन्यांनी आपणहून करावं" म्हणून होण्यातलं नाही, सगळ्यांना एकाच दिवशी बांधणारा नियमच लागतो. माझ्या मते या नियमाची सगळी किंमत त्यात आहे.

मर्यादा घालण्याबद्दल : दहा टक्के मर्यादा घातली तर फी मूळ किमतीत ढकलतील, दुसऱ्या दिवशी ८० चं तिकीट १०० चं. पूर्ण आकडा समोर असला की निदान दोन ठिकाणांची तुलना तरी करता येते.

थेट_बोलतो

आकडेमोड, प्रयोगाचं माहीत नव्हतं, वाचायला हवं. पण तुलना कशाशी करणार हा प्रश्न राहतोच. आपल्या आवडीचा गायक एकाच हॉलमध्ये गाणार, त्या हॉलची तिकिटं एकच कंपनी विकणार. दुसरं दुकानच नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२४ मध्ये टिकिटमास्टर आणि तिची मालक कंपनी लाइव्ह नेशन यांच्यावर मक्तेदारीचा खटला घातला तो याचसाठी ना?

आकडेमोड

हो, तो मुद्दा अगदी मान्य. पहिल्या विक्रीत मक्तेदारी आहे तिथे किंमत दाखवल्याने स्पर्धा होणार नाही. पण तरी माणूस "नको, एवढ्यात नाही जमत" म्हणू शकतो, किंवा मागची रांग घेऊ शकतो, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. पुनर्विक्रीच्या साइट मात्र पाच-सहा आहेत, तिथे तुलना शंभर टक्के होते.

नाट्यवेडा_बेएरिया

मी इथल्या मंडळाचा खजिनदार आहे, म्हणजे या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला, तिकीट विकणारा. आमचा अनुभव लिहितो, जरा लांबेल.

भारतातून नाटक येतं तेव्हा खर्च काय काय असतो ते बाहेरून कळत नाही. कलाकारांचे पी-३ व्हिसा, विमान, दौऱ्यातल्या मंडळांमध्ये वाटून घेतलेला सेटचा खर्च, हायस्कूलचं ऑडिटोरियम तासावर, वर शाळेच्या कस्टोडियनचे वेगळे पैसे, लाइटवाला, विमा. बटाटेवडे आणि चहा आम्हीच करतो म्हणून तेवढं निभतं. हे सगळं मांडून तिकीट ठरतं, समजा ४० डॉलर. मग ते ऑनलाइन साइटवर टाकायचं. साइट विचारते, फी तुम्ही सोसणार की गिऱ्हाईकावर टाकणार? सगळी मंडळं गिऱ्हाईकावर टाकतात, आम्हीही टाकत होतो, फ्लायरवर मात्र झोकात ४०.

फीची रचना बहुतेक साइटवर काही टक्के अधिक तिकिटामागे ठरावीक रक्कम अशी असते. यातली ठरावीक रक्कम लहान तिकिटाला मारते. मुलांचं १५ डॉलरचं तिकीट ठेवलं तर त्यावरची फी टक्केवारीत मोठ्यांच्या दुप्पट बसते. चार माणसांचं कुटुंब, त्यात दोन मुलं, त्यांना हे टोचतं आणि बरोबरच टोचतं.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासूनच लपवलेल्या फीविरुद्ध राज्याचा कायदा आहे, एसबी ४७८, तो तिकिटांपुरता नाही तर जवळजवळ सगळ्याच धंद्यांना आहे. त्यानंतर साइटने आमच्या पानावर पूर्ण आकडा दाखवायला सुरुवात केली आणि लगेच फोन, "काय हो, तिकीट वाढवलंत का?" एक काका तर मागच्या नाटकाचा फ्लायर व्हॉट्सॅपवर पाठवून भांडले. वाढवलं काहीच नव्हतं. पण त्यांचं तरी काय चुकलं? फ्लायरवर आम्ही ४० लिहिलं आणि साइट त्याहून जास्त मागतेय हे त्यांना दिसलं.

समितीत मग बरीच चर्चा झाली. दोन जणांचं म्हणणं की आपलं मंडळ ना-नफा, एफटीसीचा हात सहसा धंदेवाल्यांपुरता, आपल्याला काय त्याचं. मी म्हटलं कायदा लागू असो नसो, आपल्याच लोकांना ४० सांगून जास्त घ्यायचे हे बरं दिसत नाही. शेवटी असं ठरलं की फ्लायर, ईमेल, साइट तिन्हीकडे एकच आकडा. झेलने (बँकेतून थेट बँकेत पैसे पाठवायची इथली सोय) पैसे पाठवणाऱ्याला फी पडत नाही म्हणून त्यांना थोडं कमी, पण तेही फ्लायरवर छापायचं.

हडसनकाठ

नाट्यवेडा, हे फार मोलाचं लिहिलंत. झेलची सवलत फ्लायरवर छापायची हे मी आमच्या मंडळाला सुचवणार आहे. आमच्याकडे अजून ते तोंडी चालतं, ओळखीच्याला माहीत आणि नवीन माणूस पूर्ण फी भरतो.

ठरावीक रकमेचा मुद्दा अगदी खरा. मार्च २०२३ मधलं द क्युअर या बँडचं प्रकरण त्याचंच होतं. त्यांनी मुद्दाम २० डॉलरची तिकिटं ठेवली, मागणी वाढेल तशी किंमत चढवायची नाही असंही सांगितलं. मग एका चाहत्याने बिलाचा फोटो टाकला. चार तिकिटं, २० प्रमाणे ८०. प्रत्येकी ११.६५ सर्व्हिस फी, प्रत्येकी १० फॅसिलिटी चार्ज, वर सगळ्या ऑर्डरवर ५.५० प्रोसेसिंग. एकूण १७२.१०. फी तिकिटाहून जास्त! गायक रॉबर्ट स्मिथ यांनी उघड नाराजी व्यक्त केली, आणि टिकिटमास्टरने सगळ्यात स्वस्त तिकिटांवर १० आणि बाकीच्यांवर ५ डॉलर परत दिले. कलाकार स्वतः स्वस्त देऊ म्हणाला तरी मधे एवढं सांडतं, हे त्या बिलाने लोकांना पहिल्यांदा दाखवलं.

जुनाजाणता

ही फी सगळी टिकिटमास्टरच्या घशात जाते असा समज असतो, तसं नाही. बहुतेक ठिकाणी हॉलवाले आणि तिकीट कंपनी यांचा करार असतो, फी दोघं वाटून घेतात, हॉलचा वाटा बराच मोठा असतो, आणि अनेक वर्षं फक्त आमच्याकडूनच विका म्हणून कंपनी हॉलला आगाऊ रक्कमही देते. हॉलने भाडं कमी दाखवायचं आणि फीमधून वसूल करायचं. शिव्या तिकीट कंपनी खाते, हॉलवाला निवांत. अमेरिकन संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१८ मध्ये अहवाल दिला होता त्यात पहिल्या विक्रीवर सरासरी २७ टक्के आणि पुनर्विक्रीवर ३१ टक्के फी निघाली होती.

आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये एफटीसीने सात राज्यांना बरोबर घेऊन लाइव्ह नेशन-टिकिटमास्टरवर दावा लावलाय, त्यात दाखवलेली किंमत आणि प्रत्यक्ष घेतलेली किंमत यातल्या फरकाचाही आरोप आहे. तक्रारीत म्हटलंय की फी कधी कधी तिकिटाच्या ४४ टक्क्यांपर्यंत जायची. आरोप आहेत, निकाल यायचाय.

टोरांटोवासी

कॅनडाची मोठी केस सांगतो, सिनेमाची आहे पण या धाग्यात चपखल बसते.

इथे सिनेप्लेक्स ही सगळ्यात मोठी थिएटर साखळी. त्यांनी जून २०२२ मध्ये ऑनलाइन बुकिंगवर तिकिटामागे दीड डॉलर फी सुरू केली. त्याच महिन्यात इथल्या स्पर्धा कायद्यात दुरुस्ती झाली की टाळता न येणारी फी धरल्याशिवाय किंमत दाखवणं म्हणजे फसवी जाहिरात. प्रकरण कॉम्पिटिशन ट्रायब्युनलकडे गेलं. कंपनीचं म्हणणं, फी आम्ही त्याच पानावर दाखवतो, लपवली कुठे? पण ती पानाच्या तळाला होती, स्क्रीन खाली सरकवल्याशिवाय दिसत नव्हती, आणि वर पहिल्यांदा डोळ्यात भरणारा आकडा फीशिवायचा, शेजारी उलटं घड्याळ. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रायब्युनलने ३.८९ कोटी कॅनेडियन डॉलरचा दंड लावला. ही रक्कम कुठून आली तर जून २०२२ ते डिसेंबर २०२३ या काळात त्या फीतून जेवढे जमले साधारण तेवढे. कंपनी अपिलात गेली.

मला त्यातलं सगळ्यात पटलेलं म्हणजे दंडाचं गणित. जेवढं असं कमावलं तेवढं सगळं ठेवा इथे. नाहीतर पाच-दहा लाखांचा दंड म्हणजे मोठ्या कंपनीला किरकोळ खर्च.

लंडनस्थ

यूकेत ६ एप्रिल २०२५ पासून कायद्याने बंदी आहे अशा अर्धवट किमतीवर, सगळ्याच क्षेत्रांना. तिकिटांच्या साइटवर फरक दिसतोय. विमान कंपन्यांना तर हे जुनंच आहे, इथे कर धरून भाडं दाखवावं लागतं याची सवय लोकांना कधीच झालीय.

पर्वतीपायथा

आमच्या पुण्याचं लिहितो. नाटकाला मी अजून खिडकीवरच जातो. बालगंधर्वला सकाळी तिकीटविक्रीच्या वेळेत गेलं की आत बसलेला माणूस समोर प्लॅन पसरतो, गेलेल्या खुर्च्यांवर पेनाने काट मारलेली, आपण बोट ठेवायचं, तो दोन काट मारतो, तिकीट फाडून देतो. जेवढे छापलेत तेवढे द्यायचे, संपलं. तेच ऑनलाइन केलं तर वर सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. नाटकाचं तिकीट पाचशेपर्यंत असलं तर तिकिटावर जीएसटी नाही, पण शुल्कावर आहेच, हे अनेकांना माहीत नसतं.

माझा प्रश्न असा की ज्यांना खिडकीवर जाता येतच नाही, म्हणजे नोकरी करणारे, म्हातारे, बाहेरगावहून नाटकाला येणारे, त्यांच्यासाठी ही "सुविधा" आहे का सक्ती? आणि मोठ्या कॉन्सर्टना तर खिडकीच नसते. जानेवारी २०२५ ला नवी मुंबईत कोल्डप्ले आले होते, तिकिटं सगळी ऑनलाइन. तिथे सुविधा शुल्क घेऊ नका म्हणत नाही मी, पण मग ते तिकिटाच्या किमतीतच धरा ना.

उमा_ठाणे

मी वकील आहे, ग्राहक प्रकरणं बघते म्हणून थोडं सविस्तर.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न (साइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्या) विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार दिलेत, आणि किमतीचा काही भाग सुरुवातीला न सांगता पुढे हळूहळू वाढवत नेणं हा त्यातला एक. न विचारता टोपलीत काहीतरी टाकणं हा दुसरा. बुकमायशोवर तिकिटामागे एक रुपया देणगी आपोआप धरली जायची, ग्राहक व्यवहार विभागाने लक्ष घातल्यावर ती आपण निवडली तरच लागते असा बदल झाला. रुपया लहान आहे, तत्त्व लहान नाही. जून २०२५ मध्ये सगळ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करा असंही प्राधिकरणाने सांगितलं.

आता महाराष्ट्राचं. आपल्या राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून थिएटरना ऑनलाइन बुकिंगवर वेगळं शुल्क घ्यायला मनाई केली होती. थिएटरवाले आणि बुकिंग कंपनी हायकोर्टात गेले, अंतरिम स्थगिती मिळाली आणि शुल्क चालूच राहिलं. १० जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने ते आदेश रद्द केले. कारण असं की मनोरंजन शुल्क कायद्यात सरकारला असा अधिकारच दिलेला नाही, आणि कायद्याचा आधार नसताना धंदा कसा करायचा यावर बंधन घालणं घटनेच्या कलम १९(१)(छ), म्हणजे धंद्याच्या स्वातंत्र्याच्या, विरुद्ध.

थेट_बोलतो यांनी वर मर्यादेचा आग्रह धरलाय, त्यांनी हे बघावं. आपण थेट बंदी घालायला गेलो, तीही आदेशाने, विधिमंडळात कायदा न करता, आणि दहा-बारा वर्षांनी हातात काही नाही. "घ्या, पण आधी पूर्ण सांगा" एवढंच म्हटलं तर धंद्याच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही, कोर्टात ते टिकण्याची शक्यता जास्त. विधिमंडळाने नीट कायदा करून हे लिहावं असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला कुणाला असा अनुभव आला तर स्क्रीनशॉट घ्या, पहिल्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा दोन्ही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. नुसतं शेवटचं बिल घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा आधी काय दाखवलं होतं हे सिद्धच करता येत नाही.

थेट_बोलतो

उमाताई, हायकोर्टाचा निकाल पूर्ण माहीत नव्हता, धन्यवाद. मर्यादा हवी हे माझं मत अजून कायम आहे, पण ती विधिमंडळाच्या कायद्यानेच यावी हे पटलं. आणि पहिली पायरी म्हणून पूर्ण किंमत दाखवायला माझा विरोध नाही. मात्र अंमलबजावणी कोण करणार? एफटीसीचे लोक प्रत्येक साइट बघत बसणार का?

हडसनकाठ

अंमलबजावणीचं असं आहे की २०२५ च्या दराने एका उल्लंघनाला ५३,०८८ डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि उल्लंघनं तिकिटागणिक मोजली गेली तर रक्कम प्रचंड होते. नियम लागू झाला त्याच दिवशी टिकिटमास्टरने देशभर पूर्ण किंमत दाखवायला सुरुवात केली, ती या धाकामुळेच. एफटीसीचा स्वतःचा अंदाज आहे की खरी किंमत शोधण्यात जाणारे लोकांचे वर्षाला ५.३ कोटी तास यातून वाचतील. उलटं घड्याळ सोसलेल्या कुणालाही तो आकडा फुगवलेला वाटणार नाही.

मला काळजी दुसरी वाटते. हा नियम आयोगाने केलेला आहे, संसदेने नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आयोगात ४ विरुद्ध १ ने मंजूर झाला. विरोधात मत देणारे अँड्र्यू फर्ग्युसन जानेवारीत अध्यक्ष झाले, तेव्हा वाटलं आता गेला. पण त्यांचा विरोध जाणाऱ्या सरकारने नवे नियम करू नयेत एवढ्यापुरता होता, आणि त्यांच्याच कारकिर्दीत तो लागू झाला. हे चांगलं झालं, पण उद्या दुसरा आयोग बसला आणि त्याने फिरवलं तर? मूळ २०२३ च्या मसुद्यात सगळेच धंदे होते, ते कापत कापत तिकिटं आणि राहायची सोय एवढ्यावर आलं, हेही विसरून चालणार नाही. म्हणून संसदेचा कायदा हवा. पूर्ण किंमत आधी दाखवायला लावणारं टिकिट अॅक्ट नावाचं विधेयक २९ एप्रिल २०२५ ला हाऊसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) ४०९ विरुद्ध १५ मतांनी पास झालं, दोन्ही पक्षांचे लोक एकत्र. एवढी एकी आजकाल कशावर दिसते? पण हाऊसने पास केलं म्हणजे कायदा झाला असं नाही, सिनेट आहे. आपल्यातले जे इथले नागरिक आहेत त्यांनी आपल्या सिनेटरच्या ऑफिसला फोन करावा अशी माझी मनापासून विनंती. फोन उचलणारी मुलं नम्र असतात, नाव आणि पिनकोड घेतात, विधेयकाचं नाव सांगायचं आणि मी बाजूने आहे म्हणायचं.

मिनेसोटा_मावशी

+१. करते मी उद्याच, आणि त्या कॉलेजच्या पोरींनाही सांगते.

पर्वतीपायथा

उमाताई, एक शंका. मोबाइल अॅपवर बुक करताना काही अॅप स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत, तेव्हा काय करायचं?

उमा_ठाणे

दुसऱ्या फोनने फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. किंवा तेच बुकिंग लॅपटॉपच्या ब्राउझरवर उघडा, तिथे बहुधा अडचण येत नाही. पैसे भरायच्या आधीच्या पानाचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, आणि कन्फर्मेशनचा ईमेल पुसू नका. तक्रार केली की क्रमांक मिळतो तो जपून ठेवा, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तो लागतो.

नाट्यवेडा_बेएरिया

आमच्या पुढच्या नाटकाचा फ्लायर कालच छापायला गेला. मोठ्यांचं, मुलांचं आणि झेलचं, तीन आकडे, तिन्ही पूर्ण. दुसऱ्या मंडळांच्या खजिनदारांना हिशेबाचा तक्ता हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टक्केवारी आणि ठरावीक रक्कम टाकली की फी धरून तिकीट किती ठेवायचं ते त्यात आपोआप निघतं.